अंदमानला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा अंदमानहून आले तेव्हा नातेवाइकांना फोनवर उत्तरं देत होते. दुसऱ्या खेपेनंतर सोसायटीतले विचारू लागले, मग ऑफिसातले, मग बहिणीच्या सासरचे. तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर ठरवलं की आता एकदाचं लिहूनच काढावं. प्रश्न लोकांचे आहेत, उत्तरं माझी. कुठे कुठे मतंही आहेत, ती पटली नाहीत तर सोडून द्या.

किती दिवस पुरतात?

सहा रात्री. पाच रात्रीत होतं, पण नुसती धावपळ होते. चार रात्रींचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर तेवढ्यात गोव्याला जाऊन या.

साधा हिशेब असा: पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात जातो. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक बेटावर, एक नील बेटावर, आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र काटकसरीच्या नादात काढून टाकू नका. पहिल्या वेळी आम्ही नीलहून सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान असा हुशारीचा बेत केला होता. सकाळी समुद्र खवळला, बोट रद्द झाली. आम्ही जेट्टीवर बॅगांवर बसून राहिलो आणि विमान वेळेवर उडालं. चार तिकिटं नव्यानं काढावी लागली, तीही नाताळच्या भावानं. बोट रद्द झाली तर बोटवाले फार तर बोटीचे पैसे परत देतात, विमानाचं कुणी देत नाही.

कधी जावं?

जानेवारी ते एप्रिल. डिसेंबरही चांगला, पण त्या शेवटच्या दहा दिवसांत सगळा भारत तिथे असतो.

मे महिन्याच्या सुट्टीबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते. दरवर्षी मे उलटायला लागला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. आपण ती वाचून खूश होतो, कारण आपल्याकडे पाऊस यायला अजून तीन आठवडे असतात. तुमचं तिकीट अंदमानचं असेल तर हीच बातमी तुमच्यासाठी वाईट आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो, केरळच्याही आधी. त्यामुळे मुलांच्या परीक्षा संपल्या की लगेच, एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात जाऊन या. उकडेल, घामाच्या धारा लागतील, पण समुद्र शांत असतो आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं.

दिवाळीची सुट्टी मात्र फसवी. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, म्हणून तिथेही संपला असेल असं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस असतात आणि ईशान्य मोसमी पाऊसही पडतो. गेलात तर एक दिवस हाताशी मोकळा ठेवून जा.

तिथलं घड्याळ वेगळं आहे का?

नाही, आणि तीच गंमत आहे. वेळ भारतीयच, पण सूर्य नाही. मुंबई साधारण 73 रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 वर. वीस अंशांचा फरक म्हणजे ऐंशी मिनिटं. तुमच्या मनगटावर सकाळचे पाच वाजलेले असतात आणि बाहेर झुंजूमुंजू झालेलं असतं. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, साडेपाचला काळोख.

जेवून वामकुक्षी घेणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी असे सलग दोन सूर्यास्त घालवले. चारला उठायचं, चहा घ्यायचा, आरामात निघायचं ही आपली संध्याकाळ तिथे चालत नाही. तिकडे गेल्यावर सगळंच दीड तास अलीकडे ओढा: साडेचारला उठा, बाराला जेवा, साडेतीनला किनाऱ्यावर हजर. तिथले लोक तसंच जगतात, आणि नऊच्या पुढे गावं सामसूम होतात.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना पर्यटकांच्या नेहमीच्या बेटांसाठी नाही. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र प्रत्येक बोटीवर दाखवावं लागतं, लहान मुलांचंही. सोबत अमेरिकेची किंवा इंग्लंडची भाचरं असतील आणि त्यांचा पासपोर्ट तिकडचा असेल, तर त्यांचे नियम वेगळे. विमानतळावर त्यांची नोंद होते, त्यामुळे मूळ पासपोर्ट बॅगेत तळाशी ठेवू नका.

नावांचा घोळ आहे. नक्की कुठे जायचंय?

2018 च्या डिसेंबरात तीन बेटांची नावं बदलली: हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. 2024 च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. 1943 च्या 30 डिसेंबरला नेताजींनी इथे तिरंगा फडकवला होता आणि बेटांना 'शहीद' आणि 'स्वराज' ही नावं सुचवली होती, त्याचा हा संदर्भ. तिकिटावर नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. मीही इथे सवयीनं जुनीच लिहिली आहेत.

विमानानं की जहाजानं?

विमानानं. महाराष्ट्रातून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढे सव्वादोन तासांच्या आसपास. शक्यतो सकाळी लवकर पोचणारं विमान घ्या, म्हणजे पहिली संध्याकाळ हाती लागते. ती उशिरा सुरू होत नाही हे वर सांगितलंच. उतरताना खिडकीजवळ बसा, पाण्याचा रंग तिथूनच सुरू होतो.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं जातात, अडीच-तीन दिवस लागतात. हौस म्हणून एका बाजूनं करणारे लोक मला भेटले आहेत. परत दुसऱ्या बाजूनंही जहाजानं येणारा एकही भेटला नाही.

मला बोट लागते. काय करू?

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीनं दीड ते अडीच तास, हॅवलॉक ते नील साधारण तासभर. खासगी बोटी बंदिस्त, वातानुकूलित आणि वेगवान असतात. सरकारी फेरीबोटी स्वस्त, संथ, आणि त्यांच्यावर डेकवर उभं राहता येतं. ज्यांना बोट लागते त्यांना खरं तर ही दुसरी बरी, कारण वारा तोंडावर आला आणि नजर क्षितिजावर ठेवली की मळमळ थांबते. बंद काचेआड एसीत बसून मोबाइल बघणाऱ्यांचे हाल पाहवत नाहीत.

डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. ओकारी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. रिकाम्या पोटी बसू नका, आणि भरपेट पुरीभाजी खाऊनही नको. आलेपाक, आवळासुपारी हाताशी ठेवा. जागा मागची किंवा मधली घ्या, पुढच्या टोकाला बोट जास्त उसळते.

सेल्युलर जेलला किती वेळ ठेवावा?

टूरवाले एक तास देतात. तुम्ही निदान दोन ठेवा, शिवाय संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम वेगळा.

आपल्याकडून जाणारा जवळजवळ प्रत्येक जण सावरकरांच्या कोठडीसाठी जातो. तिसऱ्या मजल्यावर, टोकाला. 1911 च्या जुलैत ते इथे आले आणि 1921 मध्ये त्यांना भारतात परत नेलं. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. कोठडीपुढे कायम रांग असते, फोटो काढून लोक खाली येतात आणि झालं म्हणतात. एवढ्यावर थांबू नका.

इमारतीची रचना नीट बघा. 1896 ते 1906 असं दहा वर्षं बांधकाम चाललं. मधोमध मनोरा आणि त्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांबलचक तीनमजली इमारती. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहे, म्हणजे समोर कोण आहे हे कोणत्याच कैद्याला दिसू नये. कोठडी साडेतेरा फूट बाय सात फूट, उजेडासाठी वर एक झरोका. दाराची कडी तर नक्की बघा. ती दारावर नाही, बाहेर भिंतीतल्या खोबणीत दूरवर जाऊन अडकते. आतून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. आमच्या गाइडनं मुलाला आत उभं करून प्रयत्न करायला लावला. तो एरवी कशानंच गप्प बसत नाही.

अंगणात कोलू आहे. माणसानं बैलासारखं फिरून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, नाही निघालं तर शिक्षा. मनोऱ्यात प्रांतवार नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. बंगालची यादी वाचता वाचता मान दुखते. 1933 च्या उपोषणात बळजबरीनं नळीनं दूध पाजताना मेलेले महावीर सिंह, मोहित मैत्र, मोहन किशोर नमोदास यांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी आठवत नाहीत. समोरच्या बागेत त्यांचे पुतळे आहेत, तिथे पाच मिनिटं काढा.

सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. बाकीच्या जागेवर आज सरकारी रुग्णालय आहे. मला ते फार आवडलं.

रॉस बेट करावं का?

हो. पोर्ट ब्लेअरसमोरच, बोटीनं दहा-पंधरा मिनिटांवर. 1858 पासून इंग्रजांचं मुख्यालय इथे होतं: चर्च, क्लब, बेकरी, टेनिस कोर्ट. समोरच्या किनाऱ्यावर माणसं कोलूला जुंपलेली आणि इकडे हा थाट. 1941 च्या भूकंपानंतर इंग्रजांनी बेट सोडलं, पुढे जपानी आले. आता भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी असं कवटाळलंय की भिंत झाडाला धरून उभी आहे की झाड भिंतीला, कळत नाही. हरणं आणि मोर पायात येतात.

हॅवलॉक की नील? दोन्हींना वेळ नाही.

तरुण असाल, पाण्यात उतरायचं असेल तर हॅवलॉक. आईवडील सोबत असतील, निवांत बसायचं असेल तर नील.

हॅवलॉकचं राधानगर म्हणजे दोन किलोमीटरचा पांढरा, पिठासारखा किनारा आणि मागे उंच जंगल. 2004 मध्ये टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, तेव्हापासून प्रत्येक टूरवाला तेच वाक्य ऐकवतो. किनारा पश्चिमेला असल्यानं सूर्यास्त तिथूनच बघायचा. सूर्योदयासाठी पूर्वेचा कालापत्थर. तिथे किनाऱ्यांना नंबर आहेत, राधानगर सातवा. रिक्षावाल्याला 'सात नंबर' म्हटलं की पुरे.

नीलवर सगळा रामायणाचा कारभार: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी ही गावं वसवली. बेट एवढंसं, भाताची खाचरं, केळी, भाजीचे मळे. पोर्ट ब्लेअरला भाजी इथून जाते. सायकल भाड्यानं घेऊन अर्ध्या दिवसात फिरून होतं. संध्याकाळी सुपारीच्या बागेवरून वारा यायला लागला की थेट श्रीवर्धनला आल्यासारखं वाटतं.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान आहे, स्थानिक बंगाली तिला हावडा ब्रिज म्हणतात. ती ओहोटीलाच बघायची. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण पुण्या-नागपूरच्यांसाठी सांगते: भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊणेक तासानं पुढे सरकते. हॉटेलात आदल्या रात्रीच विचारून ठेवा आणि दिवस त्यावर बेता. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सर्वांत लांब जातं. खडकांतल्या डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, निळ्या ओठांचे शिंपले बघायला मिळतात. चपला घट्ट पट्ट्याच्या घाला, खडक तासल्यासारखे धारदार आहेत.

पोहता येत नाही. स्कुबा जमेल?

जमेल. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी जो डाइव्ह असतो त्यात एक प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, आणि फार खोल नेत नाहीत, जास्तीत जास्त बारा मीटर. वयाची अट दहा वर्षं पूर्ण. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं दुखणं यांपैकी काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, एवढं जमलं की निम्मं काम झालं. सर्दी झाली असेल तर तेच जमत नाही, म्हणून त्या दिवशी नको.

एक गोष्ट घाईत विसरली जाते. स्कुबानंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही. म्हणून स्कुबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा.

अपेक्षाही थोड्या आवरा. जाहिरातीतलं रंगीबेरंगी प्रवाळ सगळीकडे नाही. 2004 ची त्सुनामी, मग 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापल्यानं पांढरं पडलेलं प्रवाळ, यांमुळे उथळ भागात बरंच राखाडी दिसतं. मासे मात्र भरपूर आहेत. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, ते जिवंत आहे. पाण्यात उतरायचंच नसेल तर तळाला काच असलेली बोट आहे. आईनं तेवढंच केलं आणि ती आमच्यापेक्षा जास्त खूश होती.

बारातांग बेट करावं का?

मी एकदा केलं. पुन्हा करणार नाही.

पहाटे तीनला उठायचं, जिरकातांगच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं, मग पोलीस बंदोबस्तात ताफा निघतो. रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. वाटेत थांबायचं नाही, खिडकी उघडायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. हे नियम कायद्याचे आहेत आणि मोडले तर अटक होते. पुढे खाडीतून बोट, खारफुटीच्या बोगद्यातून वाट आणि चुनखडीच्या गुहा. खारफुटीतला तो प्रवास सुंदर आहे, ते कबूल. चिखलाचा ज्वालामुखी मात्र बघून हसू येईल, उकळत्या पिठल्याएवढा बुडबुडा.

माझा आक्षेप वेगळा. जारवा काही शेच उरले आहेत, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्यांपासून लांबच राहिले होते. आमच्या गाडीतले लोक सगळा रस्ता खिडकीला नाक लावून 'दिसले का, दिसले का' करत होते. ताडोबात वाघासाठी करतात तसं. मला लाज वाटली. तोच दिवस चिडियाटापूला, चाथमच्या 1883 सालच्या लाकूड गिरणीत आणि मानववंशशास्त्र संग्रहालयात घालवा.

जेवणाचे हाल होतात का? आम्ही शाकाहारी आहोत.

हाल नाहीत, कंटाळा येतो. बंगाली आणि तमिळ लोक भरपूर, त्यामुळे भात, डाळ, इडली-डोसा, पराठे सगळीकडे मिळतात. नीलवर भाजी ताजी असते. पोळ्या मात्र जाड आणि गार. आपल्याकडच्या मोठ्या टूर कंपन्या महाराजांना सोबत नेतात, तो त्यांचा खरा भाव. स्वतः जात असाल तर मेतकूट, चटणी आणि थोडे लाडू न्या. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. फक्त मसाला मालवणी नसतो, मोहरीच्या तेलाचा वास येतो. सुरमई तळून मागा.

फोन, पैसे?

2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला चांगलं चालतं. हॅवलॉक-नीलला अधूनमधून रेंज जाते आणि नेमकं तेव्हाच बिल द्यायचं असतं. रोख जवळ ठेवा, एटीएम मोजकेच आहेत. बोटींची तिकिटं मोबाइलमध्ये असतील तर कागदावरही छापून न्या.

शंख-शिंपले आणता येतात का?

किनाऱ्यावरून उचलून नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा नाही, विमानतळावर बॅग तपासतात आणि काढून घेतात. परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा. मुलांच्या खिशांवर लक्ष असू द्या. आमचा एक शिंपला असाच गेला, रडारड झाली.

मगरी आहेत म्हणे?

आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, खाड्यांजवळ आणि खारफुटीत. माणसांवर हल्ले झालेले आहेत, 2010 मध्ये हॅवलॉकवरही झाला. फलक असेल तिथे उतरू नका, संध्याकाळनंतर पाण्यात नको, नेमून दिलेल्या जागीच पोहा. एवढं पाळलं तर काळजी नाही. रोजचा खरा त्रास वाळूतल्या माश्यांचा आहे, चावल्यावर आठवडाभर खाज. वाळूवर नुसतं पडू नका, चादर अंथरा.

निकोबार आणि बॅरन ज्वालामुखी?

निकोबार पर्यटकांना खुलं नाही. बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरपासून साधारण 140 किलोमीटरवर. त्यावर उतरता येत नाही, लांबून बोटीतून बघायचा. सेंटिनल बेटाच्या जवळपासही जायला बंदी आहे, आणि तिकडे नेतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा.

वीस रुपयांच्या जुन्या नोटेवर अंदमान होतं, हे खरं का?

खरं. लालसर नोटेच्या मागे माडांच्या आडून समुद्र आणि दीपगृह दिसायचं, ते नॉर्थ बेचं. माउंट हॅरिएटवरून तसंच दिसतं, फक्त त्या डोंगराचं नाव आता माउंट मणिपूर आहे. 2019 च्या हिरवट-पिवळ्या नोटेवर त्या जागी आपलं वेरूळ आलं. जुनी नोट घरात सापडली तर सोबत न्या. त्या जागी प्रत्येक जण ती हातात धरून फोटो काढतो, आणि ज्यांच्याकडे नसते ते शेजारच्यांकडे मागतात. माझी अशीच एका जळगावच्या कुटुंबाकडे गेली, ती परत यायची राहिली.